पंपाचं घर

कॅम्पातल्या डिसिल्वा बाईंची फियाट
उद्यमबागेत माझ्या शेडमध्ये येऊन तीन आठवडे झाले.
बाईंचं म्हणणं एवढंच:
बॉनेट उघडलं की आत तोंड दिसलं पाहिजे.
म्हटलं, तोंड बघायला आरसा मिळतो की गणपत गल्लीत.
हसल्या. कुंद्याचा डबा ठेवून गेल्या, आणि अर्धे पैसे.

आधी रॉकेल.
जुनं ऑइल, चोर्ला घाटातली लाल माती,
कुठल्याशा उंदरानं नेऊन ठेवलेली भाताची तुसं,
सगळं मुरून लोणच्यासारखं झालेलं.
स्क्रूड्रायव्हर लावला की चरा पडतो.
बांबूची चोय लागते, आणि घरी जायची घाई नसलेला माणूस.

सिद्राम नवा आहे. यरगट्टीचा.
कॉस्टिकचा डबा उचलून विचारतो, "घालू काय मामा?"
"ब्याड!" मी ओरडलो. कन्नडातच ओरडलो.
घाईत तोंडातून जी भाषा निघते
ती शेजाऱ्यानं कधीतरी उसनी दिलेली असते,
परत मागितलेली नसते.

लोखंडाचं औषध ॲल्युमिनियमला चालत नाही, पोरा.
कॉस्टिकनं हे फसफसतं, काळं पडतं,
कडा खाऊन टाकतं दिवसाढवळ्या.
चिंच कोळ. कोमट पाणी घे.
आणि लगेच धू, अंगावर वाळू देऊ नको.

मग ब्रश. पितळी, लाकडी मुठीचा.
हा भरमाण्णा मुतगेकराचा.
दोन दिवसांसाठी आणला होता.
तो गेला त्याला सात वर्षं झाली.

इनटेक निघालं, टायमिंग कव्हर निघालं,
राखाडी, दाणेदार, पहाटेच्या ढगासारखं,
खरं तर इथंच थांबावं माणसानं.
पण बाईंना तोंड बघायचंय.
चारशेचा कागद, सहाशेचा, मग हजार,
पाण्यात बुडवून, एकाच दिशेनं.
बोटांचे ठसे माझे मलाच दिसेनात,
बँकेत अंगठा टेकवला तर मशीन म्हणतं, पुन्हा.

शेवटी हातात आलं वॉटर पंपाचं घर.
हे कंपनीचं नव्हे.
कंपनीचं फुटलं तेव्हा कुणीतरी इथंच ओतून घेतलेलं,
दोन गल्ल्या पलीकडे, मळी घातलेल्या काळ्या वाळूत.
पाठीमागं, जिथं कुणी बघत नाही, एक उंचवटा.
आधी वाटलं, खोट आहे, फाइल मारावी.
चिंचेनं धुतलं तेव्हा कळलं, अंगठा.

साचा थोडा ढासळला असेल,
त्यानं वाळू अंगठ्यानं दाबून बसवली असेल,
आणि वाळूत जे आत गेलं
ते धातूत वर आलं.
रेषा नाहीत. रेषा वाळूत टिकत नाहीत.
नुसता आकार, डावीकडं कललेला,
आणि नख अर्धंच.

भरमाण्णाचं नख अर्धंच होतं.
फौंड्रीतल्या कितीजणांचं असतं तसं,
मी काय कोर्टात शपथ घेणार नाही.
पण ब्रश हातात जरा जड झाला.

तरी हात चालूच. हाताला सवय असते.
सहाशेचा कागद उंचवट्याच्या कडेला लागला,
एक कड चमकली,
एवढ्यात सिद्राम माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला,
"साकु मामा. साकु."
त्याला काय दिसलं कोण जाणे.
त्याला फक्त जेवायचं असेल.

थांबलो.

कुंद्याच्या डब्याचा पुठ्ठा कापून गॅस्केट केलं,
ग्रीस लावून बसवलं, चारी बोल्ट आवळले.
बाई आल्या. बॉनेट उघडलं. वाकून बघितलं,
केस सारखे केले.
पाठीमागं हात घालून चाचपायला
त्यांना काही कारण नव्हतं.

संध्याकाळी ब्रश रॉकेलमध्ये धुतला,
झटकला, खिळ्याला टांगला.
खिळा तेवढा माझा.